गार बाजू

बाहेर उणे सव्वीस. केमियार्वीचं तळं दगड झालेलं.
आणि गॅरेजात बाप मला सांगतोय,
हवा फार गरम आहे.

ताम्पेरेहून येऊन मला सहा आठवडे झाले,
त्यातलं हे त्याचं पहिलं लांब वाक्य :
"टर्बो हवा दाबतो. दाबली की तापते.
तापलेली हवा जागा फार अडवते, आणि तिच्यात असतं कमी."
थांबला. बाहीला नाक पुसलं.
"आपल्या चर्चच्या कमिटीसारखं."

साब नव्व्याण्णव, माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.
कंपनीने तिला टर्बो दिला, इंटरकूलर दिला नाही,
म्हणजे धाप दिली
आणि फुंकर द्यायची राहून गेली.

इंटरकूलर मिळाला रोव्हानिएमीच्या भंगारात,
मागून लाकडाच्या ट्रकने चेपलेल्या एका नऊशेचा.
पुढून बघाल तर गाडी नुसती उभी आहे असं वाटावं.
भंगारवाल्या ओइकारिनेनने चाळीस युरो घेतले,
वर एक धुरावलेला मासा.

आत दुसऱ्याच्या इंजिनाचं जुनं तेल.
पेट्रोलने तीनदा धुतला, सॉनातल्या खुंटीला उलटा टांगला.
वास जाईपर्यंत चार दिवस सॉना पेटवला नाही.
इकडे हे सुतकासारखंच असतं,
शेजारची हिल्क्का विचारून गेली, कोण गेलं?

रेडिएटरपुढचा पत्रा कापायचा होता
आणि बापाचा हात कापत होता.
त्याने करवत एकदा लावली, काढली,
परत लावली.
मग माझ्याकडे न बघता दांडा माझ्याकडे केला.

पत्रा कापताना डोकं कुठे कुठे जातं.
ह्याच दारात, एकोणिसाव्या वर्षी,
मी त्याला जे बोलले ते सगळं उकळतं होतं.
जागा पुष्कळ अडवली त्याने.
तेवीस वर्षं.

कानस मारली कडांना. ब्रॅकेट दोन, रबरी वायसर चार.
नळी खालून नेली तर चाक घासतं, वरून नेली तर बॅटरी आड येते.
बॅटरी डिकीत गेली. बाप म्हणाला, जाऊ दे.
हा शब्द त्याला येतो, मला माहीत नव्हतं.

साबणाचं पाणी लावून कॉम्प्रेसरने हवा सोडली.
तिसऱ्या सांध्याशी बुडबुडे.
बापाने बोटाने एक फोडला. मग आणखी एक.
मी क्लँप आवळला.

दुपारी दोनला, म्हणजे दिवस मावळताना,
तळ्यावरच्या बर्फाच्या रस्त्यावर काढली.
दुसऱ्या गिअरला काटा चढला,
तिसऱ्याला शिट्टी, पाठ सीटला चिकटली, आणि
फट्!
नळी निसटली. इंजिन खोकलं, काळं ओकलं, गप्प.
त्या पांढऱ्या ओसाडीत दोन माणसं, एक बंद गाडी,
आणि बाप हसतोय.
खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत,
पाणी पापण्यांवर गोठेपर्यंत.

टॉर्च मी दातांत धरला. नळी त्याने बसवली.
गाव येईपर्यंत चार वेळा मी तिला पूर्ण दाबली.
एकदाही तो म्हणाला नाही, हळू.

अंगणात त्याने बॉनेट उघडलं,
माझा हातमोजा ओढून काढला
आणि तळवा आधी टर्बोकडच्या नळीवर टेकवला.
चटका. मी हात झटकला.
मग पलीकडच्या नळीवर, कूलरनंतरच्या :
मध्यरात्री उशी उलटी केल्यावर लागते तशी
गार.

त्याने हात दाखवण्यापुरता धरला होता की धरलाच होता,
मला नीट कळलं नाही.
थोडा वेळ तो तिथेच होता. थरथरत होता.

"क्लँपला अजून अर्धा फेरा,"
तो म्हणाला,
आणि सॉना पेटवायला गेला.